परत गेलेल्या एकोणीस पेट्या

मधुमती शेजवळ यांचा दिवस पहाटे तीन पंचावन्नला सुरू व्हायचा. पाचच्या शिफ्टला चालत जायला छत्तीस मिनिटं लागतात. बर्फ पडलेला असेल तर एक्केचाळीस. हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांचं कार्ड पाच वाजून गेल्यावर एकदाही पंच झालं नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या हॉस्पिटलांचे कपडे जिथे धुतले जायचे, त्या लॉण्ड्रीत त्या होत्या. मी तिथेच बॉयलरवर होतो, एकोणीस वर्षं. त्यामुळे सांगतो ते पाहिलेलं आहे.

त्यांचं काम चादरींचं. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची आणि गरम रोलरमध्ये सरळ सोडायची. टोक सैल धरलं की चादर तिरकी जाते, घडी वाकडी पडते, ती पुन्हा धुवावी लागते. मधुमतीताईंच्या हातची चादर परत आलेली मला आठवत नाही. इतरांच्या आठवतात. वाफ कमी पडली की त्या चालत बॉयलरपर्यंत यायच्या आणि म्हणायच्या, "दोन पॉइंट कमी आहे." मी मीटर पाहायचो. दोनच कमी असायचे.

उंची चार फूट अकरा इंच. माहेर इस्लामपूरचं. लग्न होऊन एक्याण्णव साली इथे आल्या. यजमान बस डेपोत मेकॅनिक होते; ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कुशल इथेच जन्मला, म्हणून मराठी थोडं वाकडं बोलतो; इथल्याच शाळेत आता इतिहास शिकवतो. घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत. ताईंची ओळख एवढ्यात संपली असती. पण त्या उकडीचे मोदक करतात.

आमच्या मंडळाच्या गणपतीचे मोदक पंचवीस वर्षं त्यांच्या देखरेखीखाली झाले. हॉल भाड्याचा, स्वयंपाकघर लहान. त्या दिवशी ताईंची रजा असते; अकरा जणी पहाटे पाचला जमतात. तांदळाचं पीठ कुठल्या दुकानातलं, हे ताई ठरवतात. उकड गरम असतानाच मळली पाहिजे. हात भाजला तरी थांबायचं नाही. लॉण्ड्रीत काम केलेल्या बाईला भाजण्याचं फारसं काही वाटत नाही. एका मोदकाला कमीत कमी अकरा कळ्या. नऊ पडल्या तर ताई तो उचलून शांतपणे परत पातेल्यात टाकतात. नव्या मुली रडकुंडीला येतात आणि पुढच्या वर्षी परत येतात.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी अन्नाच्या स्वच्छतेचा कोर्सही केला. परीक्षा इंग्रजीत होती. शंभरात चौऱ्याण्णव मिळाले. सहा कुठे गेले याचा त्यांनी पुढे महिनाभर शोध घेतला.

आता भानगड कशी झाली ते सांगतो.

आमचं मंडळ म्हणजे एका मोठ्या स्नेहसंघाची शाखा. मुख्य समिती लंडनची. पाच जणांची, सगळे तिकडचे. अध्यक्ष डॉ. पद्माकर खांबेटे, हॉस्पिटलातून निवृत्त, राहायला लंडनजवळ मेडनहेडला. माणूस सभ्य. लेस्टरला आठ वर्षांत एकदा आले होते, तेही येताना वाट चुकून.

लंडनला आम्ही दर दिवाळीत आपणहून पैसे पाठवायचो. कधी दोनशे पौंड, कधी अडीचशे. कोणी मागत नव्हतं, कोणी कुरकुरत नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात तिथून ईमेल आली. संघाने लंडनला स्वतःची वास्तू घेतली आहे. सबब प्रत्येक शाखेने दर माणशी नऊ पौंड भरावेत. तसंच सर्व शाखांमध्ये दर्जा सारखा राहावा म्हणून प्रसादाचे मोदक समितीने नेमलेल्या केटररकडूनच येतील. पेटीवर संघाचा स्टिकर असेल. मोदक दीड पौंडाला एक. घरी केलेला प्रसाद चालणार नाही.

हे पत्र आमचे सेक्रेटरी उल्हास मोहरील यांनी बैठकीत वाचलं. त्यांचं ट्रॅव्हलचं दुकान आहे. स्वभाव सगळ्यांशी जमवून घेण्याचा.

"नऊ पौंडांसाठी वाद कशाला घालायचा?" ते म्हणाले. "तेवढे तर पार्किंगला जातात."

"पार्किंगला मी गाडी लावली तर देते," ताई म्हणाल्या. "हे न लावता मागतायत."

"आणि ताई, तुम्हालाच आराम मिळेल की. पहाटे पाचला यायला नको."

"आराम मी मागितला होता का?"

मग ताई उभ्या राहिल्या. उभ्या राहून त्या कधी बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"आम्ही अकरा जणी आहोत. उद्या आम्ही म्हटलं की आता होत नाही, तर मी त्याच दिवशी पातेलं घासून परत देईन. पण बंद करायचं ते आम्ही ठरवू. ज्यांनी कधी उकड मळली नाही, त्यांनी मेडनहेडला बसून ठरवायचं नाही."

कुशलने इंग्रजीत पत्र लिहिलं. समितीत लेस्टरची एक तरी जागा द्या, मग बोलू, असा मजकूर. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. जागा देता येणार नाही. गरजही नाही, कारण समिती सर्वच शाखांचा विचार करत असते.

"विचार करतात," ताई म्हणाल्या, "पण विचारत नाहीत."

कुशल हसायला लागला. "आई, हे मी दर वर्षी इयर एटच्या मुलांना शिकवतो. अमेरिकेतले लोकांना इंग्लंडचा राजा असंच सांगायचा. तुमचं पार्लमेंट इथे आहे, ते तुमचा विचार करतो. कर जास्त नव्हता, आई. त्यांचा चहा तर स्वस्तच झाला होता. तरी ते म्हणाले, नाही पाहिजे."

"का?"

"एकदा तो चहा उतरवला आणि कर दिला, की राजाला ते हक्क आहे असं कबूल होतं ना. मग उद्या काहीपण मागेल."

"मग काय केलं त्यांनी?"

"बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या."

ताईंचा चेहरा पडला. "खायची वस्तू पाण्यात टाकली? तुझ्या त्या बॉस्टनवाल्यांना कोणी आया नव्हत्या का?"

त्या वर्षी चतुर्थी शनिवारी आली. अकरा जणी पहाटे पाचला हजर. नऊला स्थापना झाली. दहा वाजेपर्यंत दोनशे मोदक उकडून झाले होते आणि शंभर व्हायचे होते. तेवढ्यात हॉलसमोर फ्रीजवाली व्हॅन येऊन उभी राहिली.

ड्रायव्हर राज. चाळिशीचा, लंडनजवळच्या स्लाऊचा, आईवडील कोल्हापूरकडचे. वीस पेट्या घेऊन आला होता, एकेका पेटीत एकवीस. एक पेटी काखेत मारून आणि कागद हातात धरून तो दाराशी आला.

"आंटी, फक्त सही पाहिजे."

"सही मिळणार नाही. पोहे मिळतील."

"अहो, सही नाही तर मला माल उतरवता येत नाही."

"तेच तर म्हणतेय. उतरवायचा नाहीच आहे."

उल्हासरावांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. उतरवलेल्या मालाचे पैसे शाखेने द्यायचे. एक जरी पेटी उघडली तर सगळा माल स्वीकारला असं धरलं जाईल. खाली डॉ. खांबेटे यांची सही.

"कोणी हात लावू नका," ताईंनी सगळ्यांना बजावलं. "पेट्या गाडीत राहू देत. गाडी थंड आहे, खराब काही होत नाही. आणि या माणसाला आधी खायला द्या, स्लाऊहून उपाशी आलाय."

"तुम्हाला कसं कळलं?" राज म्हणाला.

"सहीचं बोलतोस, बघतोस स्वयंपाकघराकडे."

राजने काखेतली पेटी दारातल्या खुर्चीवर ठेवली आणि पोह्यांची बशी घेतली. चूक झाली ती इथे. आणि ती आमच्याच लोकांत होऊ शकते.

प्रमोदिनीमावशी एक्याऐंशी वर्षांच्या. कानाला कमी ऐकू येतं. त्यांचं काम समईपाशी बसायचं. हॉलमध्ये कोणीही गोड आणलं, पेढे असोत की बर्फी, मावशी ते उचलतात, झाकण काढतात, देवापुढे ठेवतात, पाणी फिरवून नैवेद्य दाखवतात. चाळीस वर्षांची सवय. त्यांना खुर्चीवर बेवारस पेटी दिसली. त्यांनी ती नेली, उघडली, वर दूर्वा ठेवली, पाणी फिरवलं आणि डोळे मिटले.

उल्हासरावांनी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता.

"संपलं," ते म्हणाले. "चारशे वीस मोदक घेतले आपण."

मावशींनी डोळे उघडले. भोवती पंधरा माणसं गोळा झालेली. "काय रे झालं? घंटा वाजवायची राहिली का?"

त्यांना चूक सांगायची कोणी? आणि सांगून उपयोग काय? देवाला दाखवलेलं परत देता येत नाही. तो प्रसाद झाला. प्रसादाला नको म्हणणारं त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं. ताईही नव्हत्या.

"आई, टेक्निकली एक पेटी उघडली म्हणजे—" कुशलने सुरुवात केली.

"तू टेक्निकली गप्प बस."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला उकड लागलेली. आत शेवटचं पातेलं वाफेवर होतं. चार महिने त्यांनी एकच सांगितलं होतं, एकही पेटी आत येऊ द्यायची नाही, आणि पेटी आतच काय, देवापुढे होती. आता कागदावर सही झाली तर पुढच्या वर्षी अकरा जणी घरी, हे त्यांना आणि आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्या आत गेल्या, हात धुतले, पुसले आणि पर्स घेऊन आल्या.

"मावशींनी केलं ते बरोबर केलं," त्या मोठ्याने म्हणाल्या, मावशींना ऐकू जाईल इतक्या. "ही एक पेटी देवाची झाली. ती आपण सगळे खाऊ. आणि खाल्लं त्याचे पैसे मी देते, माझे. बाकी एकोणीस आपण मागवल्या नाहीत आणि खाणार नाही."

एकतीस पौंड पन्नास पेनी त्यांनी राजच्या हातात मोजून ठेवले. कागद मागून घेतला, खाली मराठीत लिहिलं: एक पेटी मिळाली, देवाला गेली, पैसे दिले. एकोणीस परत. आणि सही केली.

राज कागदाकडे बघत राहिला. "आंटी, असं कॉलमच नाहीये."

"आता आहे."

त्याने डॉक्टरांना फोन लावला. चार वेळा "हो सर", एकदा "पोहे, सर" म्हणाला आणि फोन ठेवला. "ते म्हणतात, गाडी इथेच थांबव. ते स्वतः येतात."

मेडनहेडहून दोन तास. डॉक्टर आले तेव्हा दुपारची आरती सुरू होती. ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. शब्द सगळे पाठ होते. आरती झाल्यावर ताईंनी त्यांना पाट दिला आणि ताटात दोन मोदक वाढले, एक पेटीतला, एक स्वतःचा, तूप दोन्हींवर सारखं.

डॉक्टरांनी दोन्ही संपवले. दुसरा सावकाश संपवला.

"तुमच्या केटररचं सारण चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "गूळ बरा वापरलाय. उकड मात्र रबर. फोडायला सुरी लागली."

"ताई, अहो, मोदक कसा आहे हा प्रश्नच नाहीये."

"बरोबर. माझाही नाही."

डॉक्टर हसले. मग त्यांनी वास्तूचं सांगितलं. कर्ज आहे, छप्पर गळतंय, दुरुस्तीला माणूस मिळत नाही. "मी काही माझ्या खिशात घालत नाही. आणि खरं सांगू का? तुम्ही सरकारला टॅक्स देता की नाही? पगारातून कापतात, तेव्हा चालतं?"

"चालतं. सत्तावीस वर्षं कापून घेतायत. दर निवडणुकीला मी शिफ्ट संपली की जाऊन मत देऊन येते. मी मत दिलेला माणूस तीनदा पडला. तरी टॅक्स दिला. कारण मला विचारलं होतं."

"समितीत सगळ्यांना घेतलं तर निर्णय होणारच नाहीत."

"मग आम्हाला वगळून झालेले तुम्ही पाळा."

"ताई, नियमाप्रमाणे शाखेला असं वेगळं ठरवता येत नाही."

"मग शाखा नको."

ताईंनी उल्हासरावांकडे पाहिलं. "मत घ्या. आत्ता. डॉक्टरांसमोर घ्या, मागाहून कोणी म्हणायला नको."

उल्हासराव उठले. स्वतंत्र मंडळ करावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा, म्हणाले आणि मोजायला लागले. दोनदा मोजले. अठ्ठावन्न हात वर, चार खाली.

"मलाही मत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही मेडनहेडचे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदा सगळे खळखळून हसले. डॉक्टरही.

"आणि मोजणाऱ्याला?" उल्हासरावांनी हळूच विचारलं.

"त्याला असतंच," ताई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि स्वतःच म्हणाले, "एकोणसाठ."

डॉक्टर निघाले तेव्हा संघाचा बॅनर गुंडाळून सोबत नेला. तो त्यांचाच होता. ताईंनी त्यांच्या हातात डबा दिला, अकरा मोदक. "घरी नेऊन वाफ द्या पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका."

"किती झाले?"

"पाहुण्यांकडून घेत नाही."

एकोणीस पेट्या स्लाऊच्या शाखेकडे गेल्या. त्यांचा कार्यक्रम रविवारी होता. एकही मोदक वाया गेला नाही, हे ताईंनी राजला फोन करून विचारून घेतलं. पंधरवड्याने स्लाऊच्या सेक्रेटरींचा उल्हासरावांना फोन आला. आवाज खाली होता. स्वतंत्र मंडळाची नोंदणी करायची तर फॉर्म कुठला भरायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये नव्या मंडळाची पहिली बैठक झाली. हॉलचं भाडं, विमा, भांडी असा खर्च फळ्यावर लिहिला. माणशी बारा पौंड येत होते.

"म्हणजे लंडनला नऊ द्यायचे नव्हते," उल्हासराव म्हणाले, "आणि आता बारा?"

"जास्त वाटतात का? वाटत असतील तर हात वर करू नका," ताई म्हणाल्या. "दहा म्हणा, अकरा म्हणा. इथेच बोला."

बराच वेळ बोलणं झालं. बारा ठरले. उल्हासरावांनी विरोधात मत दिलं आणि सगळ्यांच्या आधी पैसे भरले.

त्याच महिन्याच्या शेवटी ताई लॉण्ड्रीतून निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही कार्ड पाचच्या आधीच पंच झालं. शेवटच्या आठवड्याचा पगार हातात आला, टॅक्स कापून चारशे अठरा पौंड. त्या मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या की यातून स्वयंपाकघराला दोन स्टीलची टेबलं घेऊ, जमिनीवर बसून आता कोणाचेच गुडघे चालत नाहीत.

"तुमच्या उंचीची घ्या," उल्हासराव म्हणाले. "पैसे तुमचे आहेत."

"पैसे माझे, काम अकरा जणींचं. मत घ्या."

चौतीस इंच की छत्तीस, यावर तावातावाने चर्चा झाली. ताई चौतीसच्या बाजूने चांगली पाच मिनिटं बोलल्या. उकड मळताना जोर खांद्यातून यायला हवा, टेबल उंच असलं तर तो येत नाही, हे हात करून दाखवलं. मुद्दा बरोबर होता. पण तरुण मुली उंच आहेत. सात विरुद्ध चार, ताई हरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेल्या, दोन्ही टेबलांचे पाय स्वतः हलवून पाहिले, एका टेबलाचा स्क्रू दुकानदाराकडून घट्ट करून घेतला आणि रोख पैसे दिले. दोन टेबलं, तीनशे ऐंशी पौंड, छत्तीस इंच उंच. उरलेल्या अडतीस पौंडांतून एक जाड लाकडी फळी आणि तिला लावायला रबराचे चार पाय घेतले. त्या फळीवर उभ्या राहून त्या आता उकड मळतात.